सायप्रसने म्हणे गोव्यासारखा जनमत कौल घ्यावा!

पेडण्याची ताई
काल दुसऱ्या धाग्यावर फोंड्याचे नाना लिहून गेले : "तुर्कांच्या उत्तर सायप्रसमध्ये ऑक्टोबर २०२५ ला तुफान एर्हुर्मान अध्यक्ष म्हणून निवडून आले, आता ग्रीक-तुर्कांत दुभंगलेलं बेट जोडायच्या बोलण्यांचं गुऱ्हाळ परत सुरू होणार. त्यापेक्षा आमच्यासारखा जनमत कौल घ्या. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा, हा आमचा प्रश्न १६ जानेवारी १९६७ ला एका दिवसात मिटला की नाही?" तिथे उत्तर द्यायला लागले ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढते आहे.

नाना, कौल झालाय तिथे. २४ एप्रिल २००४, बेट जोडायच्या संयुक्त राष्ट्रांच्या अन्नान आराखड्यावर. तुर्की सायप्रियटांपैकी ६५ टक्के 'हो' म्हणाले, ग्रीकांपैकी ७६ टक्के 'नाही'. आणि १ मेला सायप्रस युरोपीय संघात गेला, कारण त्या प्रवेशाला 'हो'ची अट नव्हतीच. जागा पक्की झालेली असताना ग्रीकांनी तडजोड कशाला करावी? 'हो' म्हणणारे राहिले बाहेर; त्यांच्या १९८३ च्या 'प्रजासत्ताका'ला आजही तुर्कस्तान सोडून कुणी मानत नाही.

पण ग्रीकांनाही हट्टी म्हणून मोकळं होता येत नाही. १९७४ ला तुर्कस्तानचं सैन्य उतरलं, तेव्हा उत्तरेतून दीडेक लाख ग्रीक घरंदारं टाकून पळाले. आराखड्यात परत जायला मर्यादा होत्या, आणि तुर्कस्तानचा हमीदाराचा, म्हणजे बेटावर हस्तक्षेप करायचा, हक्क तसाच राहणार होता. २०१७ ला स्वित्झर्लंडमध्ये क्रांस-मोंतानाला बोलणं मोडलं तेही मुख्यतः हमी आणि सैन्य यांवरच. खाली जमिनीचा गुंता वेगळाच : उत्तरेतल्या ग्रीकाच्या घरात दक्षिणेतून आलेला तुर्क राहतो, आणि त्याचं मूळ घर दक्षिणेत.

आमच्या आजोबांच्या घराचं इन्व्हेंटार, म्हणजे वारसांतली वाटणी, १९९६ पासून कोर्टात आहे. पाच भावंडं, एक घर, चार माड. आणि तुम्ही बेटाची वाटणी एका दिवसात मागता.

फोंड्याचा नाना
२००४ चं ध्यानात नव्हतं. मान्य. झालं समाधान? पण मग कौल चुकीचा घेतला. दोन पेट्या कशाला? एकच ठेवायची, जास्त मतं ती खरी. आमच्याकडे सासष्टीला वेगळी पेटी आणि पेडण्याला वेगळी, असं नव्हतं.

पेडण्याची ताई
एकच पेटी! १९६० मध्ये तिथे ७८ टक्के ग्रीक आणि १८ टक्के तुर्क होते. एकच पेटी म्हणजे तुर्कांनी घरीच बसावं. म्हणूनच घटनेत राष्ट्राध्यक्ष ग्रीक, उपाध्यक्ष तुर्क आणि नोकऱ्या ७०-३० असं लिहिलं होतं. ते तीन वर्षं टिकलं. १९६३ च्या डिसेंबरात कापाकापी झाली आणि एका ब्रिटिश अधिकाऱ्याने नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ मारली. तीच ही ग्रीक-तुर्कांना वेगळं करणारी 'ग्रीन लाइन'.

खाजेंवाला
सायप्रस राहू द्या. आमचा प्रश्न *मिटला* हे नानांना कुणी सांगितलं? दोन पानांना, म्हणजे वेगळं राहायला, १,७२,१९१; फुलाला, म्हणजे विलीनीकरणाला, १,३८,१७०. फरक ३४,०२१. एवढ्या फरकाने १ लाख ३८ हजार माणसं चुकीची ठरतात? १९८७ च्या कायद्यात राजभाषा कोंकणी, मराठी नुसती 'वापरता येईल' म्हणे! माझ्या पोराने सरकारी अर्ज मराठीत भरला, तर खिडकीवरची बाई म्हणाली, "इंग्लिशीत भर मरे." म्हणजे कोंकणीतही नको!

दोन पानां
आलं का रडगाणं! साठ वर्षं होत आली, हरलात हे अजून गळ्याखाली उतरत नाही. विलीनीकरण झालं असतं, तर आज आपण सिंधुदुर्गाच्या खालचा एक जिल्हा असतो. ८६ च्या डिसेंबरात माणसं मेली कोंकणी भाषेसाठी, ती तुमच्या फॉर्मासाठी नाही.

खाजेंवाला
हे लिहिलंत कुठल्या भाषेत? मराठीत. घरी पेपर कुठला येतो? आणि चवथीला आरत्या?

दोन पानां
आरत्या मराठीत म्हणतो म्हणून मत मराठीला द्यायचं? माझ्या बापायने फुलाला दिलं, काकाने दोन पानांना. एकच घर, एकच गणपती. त्या चवथीला काका माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळंपानं, बांधायला आला नाही. नारळ, तोरिंगां, सगळं सोप्यावर पडून. आज्येने पिढें घेतलं, चढली आणि स्वतः बांधली. पुढची चार वर्षं दोघे भाऊ पंगतीला समोरासमोर बसले नाहीत. मिटला म्हणे!

खाजेंवाला
म्हणजे मिटला नाही, हे तुम्हीही मानता. आभारी आहे.

तारवटी
जरा सायप्रसला येऊ का परत? मी गेलोय तिथे. २०१९ ला बोट लिमासोलला दुरुस्तीला होती, तेव्हा दोन दिवस निकोसियाला गेलो. लेद्रा स्ट्रीट म्हणजे कपड्याची आणि आइस्क्रीमची दुकानं, मध्येच एक खोपटं, पासपोर्ट दाखवायचा, थोडं चालायचं, दुसरं खोपटं. अलीकडे कॉफी प्यालो, 'ग्रीक'. पलीकडे तीच कॉफी 'तुर्की'. तेवढाच कप, बुडाला तेवढाच गाळ. पलीकडे एक म्हातारा भेटला, बेंचीवर शेजारी. तुर्क, पण फोनवर चक्क ग्रीक बोलत होता. मूळचा पाफोसकडचा. म्हणाला, "मी राहतो ते घर माझं नव्हे. लिंबाला पाणी मी घालतो." त्याच्या पाफोसच्या घरात आता कोण, विचारलं, तर हात हलवला आणि विषय बदलला. बोलण्यांना हसू नका एवढंच. २००३ पर्यंत तो पलीकडे पाय ठेवू शकत नव्हता.

खाजेंवाला
पासपोर्ट कुठला दाखवलात, बाब? पोर्तुगीज असेल! लिस्बनला जन्मनोंदणी करून आलेले आता आम्हांला तडजोड शिकवणार.

तारवटी
हो, पोर्तुगीज. त्याच पासपोर्टावर पोरीचं नर्सिंग झालं. तुमच्या अस्मितेने फी भरली असती, तर घेतला नसता.

फोंड्याचा नाना
वैयक्तिक नको. तारवट्यांनी तिथे थिमय्यांची चौकशी केली का? संयुक्त राष्ट्रांच्या सायप्रसमधल्या फौजेचे प्रमुख असताना, डिसेंबर १९६५ मध्ये तिथेच वारले. आधी ग्यानी, पुढे ७४ च्या लढाईत प्रेमचंद. तीन भारतीय जनरल! आणि त्यांनी काय मिळवलं? रेघ सांभाळली. साठ वर्षं रेघच सांभाळतायत. गुऱ्हाळ म्हणालो ते याच अर्थाने.

पेडण्याची ताई
रेघ सांभाळली म्हणून मागून काहीतरी होऊ शकलं. बेपत्ता माणसांच्या समितीचंच घ्या, १९८१ पासूनची. यादीत २,००२ नावं, ग्रीक १,५१० आणि तुर्क ४९२. दोन्हीकडचे शास्त्रज्ञ एकत्र खणतात, हाडं जुळवतात आणि ज्याचा त्याचा माणूस त्याच्या घरी देतात. हजारावर ओळखले गेले. कुणी मारलं हे समिती ठरवत नाही, म्हणून तर लोक येऊन जागा दाखवतात. मला हे पटत नाही, मारणारा मोकळा सुटतो. पण चाळीस वर्षं दिवस न घातलेल्या आईला विचारलं, तर ती काय म्हणेल कोण जाणे.

नाना, मूळ मुद्दा. पाफोसच्या त्या म्हाताऱ्याला कुठलं घर द्यायचं?

फोंड्याचा नाना
नुकसानभरपाई द्यावी.

पेडण्याची ताई
कुणी? कुठल्या सालच्या दराने?

फोंड्याचा नाना
आता हे सगळं मीच सांगायचं? बरं, एका दिवसात मिटणार नाही. घ्या! पण आमच्याकडे मिटला, यावर मी ठाम आहे. चवथीला या घरी पातोळ्या खायला, आरत्या मात्र मराठीत.

दोन पानां
दुसऱ्या कसल्या असतात?

पेडण्याची ताई
येईन. दर सांगा आधी.