पाडकाम भंगाराच्या भावावर देणं बंद करा

मेधा_ठाणे
शेजारची सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे. काल तिसऱ्या मजल्यावर एक जण नऊ इंची भिंतीच्या माथ्यावर उभा राहून त्याच भिंतीवर घण घालत होता. पायात स्लिपर, कमरेला सुरक्षा पट्टा नाही. बरोबर खाली एक बाई विटांचा चुना खरवडत बसलेली.
पाडकामवाला बहुतेक ठिकाणी पैसे घेत नाही, उलट बिल्डरलाच देतो. मग सळई, दारं, खिडक्या, विटा विकून ते वसूल करतो. जितकं लवकर पाडेल तितका त्याचा फायदा. तो परांची (उभं राहून काम करायचा मचाण) कशाला बांधेल? माझं म्हणणं, सुरक्षेचा खर्च करारात वेगळा धरा आणि तो बिल्डरने भरावा.

गणेश_पाडकाम
ताई, आम्हाला माणसांची काळजी नाही असं समजू नका. पट्टे देतो, पण अडकवायचे कुठे? स्लॅब गेला की उरते फक्त भिंत, आणि तीच पाडायची असते. परांचीचा खर्च धरून भाव दिला की काम दुसऱ्याला जातं.

वीटकाम_अभियंता
पट्टा भिंतीला नकोच, परांचीला हवा. दहा फूट लांब, दहा फूट उंच नऊ इंची भिंतीचं वजन चार टनांच्या आसपास भरतं. एवढी भिंत खालून खाच मारून दोराने ओढतात, हे मी बघितलंय. खाच मारल्यावर ती कुठल्या बाजूला कलंडेल याचा नेम नसतो. आयएस 4130 या पाडकामाच्या सुरक्षेच्या भारतीय मानकात क्रम सरळ दिला आहे: जे शेवटी बांधलं ते आधी काढायचं, वरून खाली.
घाटकोपरला 25 जुलै 2017 रोजी इमारत कोसळली, 17 माणसं गेली. तळमजल्यावर फेरफार चालले होते. आधार काढण्याआधी टेकू द्यायचा, हे पाडकामालाही तितकंच लागू आहे.

सचिव_गिरगाव
मला हे पटत नाही. आमचे लोक भाड्याच्या घरात दिवस काढताहेत. बिल्डरवर खर्च टाकला की तो आमच्या कॉर्पसमधून, म्हणजे सभासदांना द्यायच्या एकरकमी पैशातून, कापणार. त्यापेक्षा मशीन लावा, माणूस वर चढवूच नका.

गणेश_पाडकाम
सचिवसाहेब, तुमच्या गल्लीत पोकलेन वळेल का? शेजारच्या चाळीला भिंत चिकटलेली असेल तर ती हातानेच काढावी लागते.

मेधा_ठाणे
आणि कॉर्पस कापला जाईल म्हणून त्या बाईने भिंतीखाली बसायचं का? 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने पाडकामालाही बांधकामच धरलं होतं, पण दहा कामगारांपासून पुढे. हजेरीत आठच दाखवले की विषय संपला. म्हणून अट करारातच हवी.

सचिव_गिरगाव
अट घालू, पण रक्कम आधी ठरवा. नंतर वाढीव बिल चालणार नाही.

गणेश_पाडकाम
परांची आणि जाळीचा चौरस फुटाचा दर लिहून द्या, निम्मे पैसे आधी द्या. मी छपराला हात लावण्याआधी बांधून दाखवतो.