जुन्या लहान गाडीला १३ इंची चाके बसवून स्प्रिंगा कापाव्यात का?

प्रश्न

माझ्याकडे वीस वर्षांहून जुनी लहान हॅचबॅक आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) आणि मागे सलग अ‍ॅक्सलवर कॉइल स्प्रिंगा अशी तिची साधी रचना आहे. मूळ चाके लोखंडी, १२ इंची, ४ इंच रुंद आणि ४० ऑफसेटची (रिमची मध्यरेषा आणि हबवर टेकणारी बाजू यांतील मिलिमीटरमधले अंतर) असून त्यांवर १४५/८० आर १२ मापाचे, ७४ भारांकाचे (टायर किती वजन पेलतो त्याचा क्रमांक) टायर आहेत. वळणावर गाडी फार कलते आणि ताशी सत्तरच्या पुढे स्टिअरिंग किंचित थरथरते. मला १३ इंची, साडेपाच इंच रुंद, २५ ऑफसेटची वापरलेली अलॉय चाके मिळत आहेत. त्यांवर १५५/६५ आर १३ टायर घालावेत आणि चारही स्प्रिंगांचे एकेक वेटोळे कापून गाडी थोडी खाली घ्यावी, असा विचार आहे. ओळखीचे मेकॅनिक म्हणतात की यात अवघड काही नाही. जाणकारांनी मत द्यावे.

पहिला प्रतिसाद

टायरच्या बाहेरील व्यासाचा हिशेब आपण बरोबर धरला आहे. मूळ टायरचा व्यास सुमारे ५३७ मिलिमीटर येतो आणि १५५/६५ आर १३ चा ५३२, म्हणजे स्पीडोमीटरमध्ये एक टक्क्याचाच फरक पडेल. मात्र या मापाचा टायर सामान्यतः ७३ भारांकाचा असतो. ७४ म्हणजे प्रत्येक टायरवर ३७५ किलो आणि ७३ म्हणजे ३६५ किलो. नवा टायर मूळ टायरपेक्षा कमी भार पेलणारा नसावा, हा साधा नियम येथे मोडतो. १६५/६५ आर १३ हा टायर ७७ भारांकात मिळतो, म्हणजे ४१२ किलो. त्याचा व्यास सुमारे ५४५ मिलिमीटर, मूळ व्यासापेक्षा दीड टक्का अधिक. तेवढे चालते, पण जागा मोजूनच घ्यावा.

खरी अडचण ऑफसेटची आहे. रुंदी ४ वरून साडेपाच इंचांवर आणि ऑफसेट ४० वरून २५ वर गेला, तर रिमची बाहेरची कड ३४ मिलिमीटर बाहेर येते आणि आतली कड केवळ ४ मिलिमीटर आत जाते. जवळजवळ सगळी वाढ मडगार्डच्या बाजूला! शिवाय चाकाची मध्यरेषा १५ मिलिमीटर बाहेर सरकल्याने व्हील बेअरिंगवर जादा ताण येतो, खड्ड्यात चाक गेले की स्टिअरिंगला झटका बसतो आणि एका बाजूचा ब्रेक अधिक लागला तर गाडी त्या बाजूला ओढली जाते. पाच इंच रुंद व ३५ ऑफसेटचे रिम शोधावे. त्यात बाहेर १८ आणि आत ८ मिलिमीटरच वाढ होते.

मोठे चाक म्हणजे प्रगती, असा एक समज आहे. १९५९ सालच्या मिनी या लहान ब्रिटिश गाडीला १० इंची चाके होती आणि त्या गाडीच्या वळण्याला कोणी नावे ठेवली नाहीत. १९८४ मध्ये तिला १२ इंची चाके आली ती पुढच्या मोठ्या डिस्क ब्रेकसोबत, आणि तेव्हा कारखान्यालाही मडगार्डच्या कडा रुंद कराव्या लागल्या.

दुसरा प्रतिसाद

स्प्रिंग कापण्याविषयी अनुभवाने सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. गाडी दिसायला छान झाली. पुढे एकदा पंक्चर काढण्यासाठी जॅक लावला, मागचे चाक लोंबकळले आणि स्प्रिंग आपल्या बैठकीतून सुटून खणकन आडवी झाली. शॉक अब्सॉर्बर मूळ लांबीचाच होता, त्यामुळे चाक पूर्ण खाली आल्यावर आखूड स्प्रिंगला धरून ठेवणारे काही उरलेच नव्हते. रस्त्यावरच्या एखाद्या उंचवट्यावरून चाक हवेत गेले असते, तर हेच चालत्या गाडीत घडले असते.

सहा कार्यरत वेटोळ्यांतील एक कापले की स्प्रिंग सुमारे वीस टक्के कडक होते. ऐकायला हे बरे वाटते, पण गाडी चाळीस मिलिमीटर खाली आली आणि मुळात चाकाला वर जाण्यास साठच मिलिमीटर होते, तर उरतात वीस. तेवढ्यासाठी वीस टक्के कडकपणा मुळीच पुरत नाही. गाडी प्रत्येक खड्ड्यात बम्प स्टॉपवर, म्हणजे चाकाचे वर जाणे थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर आदळते.

गाडी खाली घेतल्याने ती कमी कलेल, हे मॅकफर्सन स्ट्रटच्या बाबतीत अनेकदा खोटे ठरते. लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) आडवा होऊन पुढे चाकाकडे वर चढू लागला की ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो बिंदू, गाडी जितकी खाली आली त्याहून अधिक खाली जातो. वजनाचा मध्य आणि तो बिंदू यांतील अंतर वाढते, म्हणजे गाडीला कलवणारी तरफच लांब होते. त्याच वेळी, वळणावर दबलेल्या बाहेरच्या चाकाचा कॅम्बर (उभ्या रेषेपासूनचा कल) नको त्या दिशेला सरकतो, आणि टाय रॉडचा (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडल्याने खड्ड्यात चाक आपोआप वळू पाहते. अलाइनमेंट करून टो (वरून पाहता चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) सरळ होतो, ही भूमिती सरळ होत नाही.

आपल्या दोन्ही तक्रारी मला जुन्या रबराच्या आणि थकलेल्या शॉकच्या वाटतात. लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबर), स्ट्रटच्या माथ्याचे माउंट, अँटी रोल बार असल्यास त्याचे रबर आणि चारही शॉक आधी नवे करावेत. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत. अधांतरी आवळल्यास रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. थरथर चाकांच्या बॅलन्सिंगचीही असू शकते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. नव्या चाकांसाठी जागा नेमकी कशी मोजावी? आणि जुनेच नट चालतील का?

तिसरा प्रतिसाद

एका बाजूची स्प्रिंग काढून स्ट्रट परत बसवावा, मडगार्डच्या आतल्या कडेला चिकणमातीच्या गोळ्या चिकटवाव्यात आणि जॅकने चाक बम्प स्टॉपपर्यंत उचलून स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवावे. गोळी जिथे चपटी होते तिथे टायर घासणार. आतल्या बाजूला स्ट्रटही तपासावा.

नट तपासूनच वापरावेत. लोखंडी रिमच्या नटाची बैठक आणि अलॉयची बैठक एकसारखी असेलच असे नाही. नट किती फेरे आत जातो ते हाताने मोजावे. १२ मिलिमीटर जाडीच्या आणि दीड मिलिमीटर आट्यांच्या स्टडवर निदान आठ फेरे हवेत. हबचे मधले छिद्र मोठे असल्यास मापाची कडी घालावी, नाहीतर नवी थरथर विकत घ्याल. ज्या हबचे स्टड ९८ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर आहेत त्यावर १०० चे रिम ओढूनताणून बसते, पण ते कधीही बसवू नये. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत.

प्रश्नकर्ता

आज गाडी वर घेऊन पाहिली. डाव्या लोअर आर्मचा मागचा बुश पहारीने दाबताच बोटभर हलला आणि मागच्या उजव्या शॉकवर तेल ओघळलेले दिसले. साडेपाच इंची चाकांचा सौदा मी सोडला आहे. आधी बुश, माउंट व शॉक बदलून मूळ चाके बॅलन्स करून घेतो, आणि त्यानंतरच पाच इंची रिमसाठी मातीच्या गोळ्या चिकटवतो.