ऑनलाइन गाणं-वाजवणं शिकवताना किंवा शिकताना आलेले अनुभव

पेटीवाली_ताई

परवा जुना लॅपटॉप भंगारात द्यायला काढला, त्यावर अजून स्काइपचं निळं चिन्ह होतं. स्काइप २०२५ च्या मे महिन्यात बंदच झालं, दाबून काही उघडणार नव्हतं, तरी मी दाबलं. कॉल लागतानाचा तो आवाज आपोआप कानात वाजला आणि एकदम सगळ्या पोरी आठवल्या. लॉकडाऊनच्या आधीपासून माझ्याकडे बाहेरदेशातल्या काही जणी शिकायच्या, मग २०२० च्या मार्चनंतर तर शेजारच्या बिल्डिंगमधल्याही स्क्रीनवरच आल्या.

पहिला घोळ तंबोऱ्याचा. मी मिरजेचा तंबोरा मांडीवर घेऊन लॅपटॉपसमोर बसायचे आणि पलीकडून, "ताई, सुरुवातीला ऐकू येतो, मग गायबच होतो". मला वाटायचं हिचं नेट खराब आहे. भाच्याने सांगितलं की हे कॉलवाले प्रोग्रॅम माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेत, एकसारखा चालू असलेला आवाज दिसला की पंखा किंवा एसी समजून पुसून टाकतात. म्हणजे षड्ज-पंचम त्यांच्या लेखी टेबलफॅन. मग तंबोरा तिच्या बाजूला लावायला सांगितला, फोनवरचा, काळी चारच्या पट्टीत. माझ्याकडे येईल तेवढा येईल, पण गाणारीच्या कानात तो अखंड पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे पेटीची सोबत गेली. समोर बसलेल्या मुलीचा सूर जरा घसरला की माझं बोट त्या पट्टीवर आधीच पडलेलं असतं, तिला कळतही नाही आपण सावरले गेलो ते. कॉलवर दोघींनी एकदम केलं की नुसता गोंधळ, म्हणून मी गाते ती ऐकते, ती गाते मी ऐकते. त्यात ज्यांची अर्धी गाडी माझ्या पेटीवर चालली होती त्या लगेच उघड्या पडल्या. एक जण रडली. पण सहा-आठ महिन्यांनी तिचाच गंधार असा काही पक्का लागायला लागला की मीच गप्प.

तुम्ही शिकवलं असेल, शिकला असाल, नुसतं घरातून ऐकलं असेल, काहीही चालेल. लिहा.

डग्गा

तबल्याचं लिहितो. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून डग्गा, म्हणजे डाव्या हाताखालचा, येतच नाही, खालचा आवाज त्याला झेपत नाही, त्यामुळे पोरगं धा वाजवतंय की ता हे कानाने कळायचा प्रश्नच मिटला. धा धिं धिं धा सगळं ता तिं तिं ता. त्यात काही पोरं खरंच डग्ग्यावर हात न ठेवता वाजवत होती आणि पालक म्हणतात छान वाजवतो नाही का सर

शेवटी मी चेहरा बघायचं सोडून दिलं. कॅमेरा डाव्या मनगटावर. मनगट डग्ग्यावर टेकलंय का, पुढे सरकताना घिस्सा निघेल असा दाब आहे का, हे दिसतं. एका पोराचा चेहरा मी वर्षभरानंतर पाहिला, तोपर्यंत मिशी आली होती त्याला

मुलुंडची_मुग्धा

हाहा मिशी

तारवाला

ताई, सोबत का होत नाही याचा हिशोब देतो, इंजिनियर आहे त्यामुळे राहवत नाही. एकत्र वाजवणाऱ्यांना साधारण २५-३० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चालतो, त्यापुढे लय मागे मागे जायला लागते कारण दोघं एकमेकांसाठी थांबतात. आवाज हवेतून सेकंदाला ३४० मीटर जातो, म्हणजे ३० मिलिसेकंद म्हणजे दहा मीटर. व्हिडिओ कॉलवर एका बाजूचाच उशीर २०० च्या आसपास सहज असतो. तुम्ही मैदानाच्या एका टोकाला आणि तबलजी सत्तर मीटरवर दुसऱ्या टोकाला, असं समजा. द्रुत तीनतालात मिनिटाला ३०० मात्रा धरल्या तर एक मात्रा २०० मिलिसेकंदांची. म्हणजे तुमची सम त्याच्याकडे पोचते तेव्हा त्याची दुसरी मात्रा चालू झालेली असते, आणि त्याचा आवाज परत तुमच्याकडे येईपर्यंत अजून एक गेली.

आणि नेट कितीही भारी घ्या. पुणे ते न्यू जर्सी सरळ रेषेत साडेबारा हजार किमी, काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किमी जातो, साठेक मिलिसेकंद नुसते प्रवासातच गेले. एकाच शहरात असाल, दोघांकडे वायरचं इंटरनेट असेल तर जॅम्युलस किंवा जॅकट्रिप हे प्रोग्रॅम वापरून एकत्र वाजवता येतं, लोक वाजवतात. समुद्रापलीकडे विसरा.

तंबोऱ्याला मात्र उशीर बाधत नाही कारण त्याला मात्राच नाही. तो कुठूनही कधीही आला तरी चालतो.

पेटीवाली_ताई

तारवाला, हे शेवटचं वाक्य मला आधी कुणी सांगितलं असतं तर! मी उगाच तंबोरा आणि तबला दोन्ही एकाच मापाने मोजत बसले होते. तबल्याचं आम्ही असं केलं की ठेका तिच्याकडे चालू, मी तोंडावर बोट ठेवून गप्प. मला ती आणि ठेका एकत्रच ऐकू येतात त्यामुळे सम चुकली तर कळते. मी हाताने टाळी दाखवायला गेले की मात्र सत्यानाश.

कोमल_रिषभ

आमच्याकडे उलटा प्रॉब्लेम, घड्याळाचा. मी कॅलिफोर्नियात, गुरुजी कोल्हापुरात. त्यांची सकाळ आठ म्हणजे माझी आदल्या दिवशीची संध्याकाळ साडेसात. ते आंघोळ-पूजा करून टवटवीत भैरव शिकवणार आणि माझ्याकडे बाहेर दिवे लागलेत आणि आत भाजी फोडणीला. शेवटी मी विचारलं, गुरुजी राग तुमच्या घड्याळाचा घ्यायचा की माझ्या? ते म्हणाले गाणार कोण आहे, तू ना, मग तुझ्या खिडकीबाहेर बघ. त्यामुळे ते बिचारे सकाळी सकाळी संध्याकाळचे यमन आणि पूरिया शिकवायचे, त्यांच्या घरचे वैतागले

आणि नोव्हेंबरात इथली घड्याळं एक तास मागे गेली की दरवर्षी तोच गोंधळ, ते आठलाच बसणार आणि मी तेव्हा गाडीत. "घड्याळ कशाला बदलता, सूर्य तोच आहे ना" हे दरवर्षी ऐकायचं

मुलुंडची_मुग्धा

माझी लेक शिकते, मी फक्त स्वयंपाकघरातून ऐकते. एकदा कुकरची शिट्टी झाली आणि बाई तिकडून म्हणतात "थांब, ही कोमल गंधारात आहे, धर ती". लेकीने धरली. आता घरात शिट्टी झाली की ती स्वर सांगते. गॅस्केट बदललं तेव्हा काळजीत होती की स्वर बदलेल. भात लागला ते कुणी नाही बघितलं

जुनाजाणता

माझं मत थोडं वेगळं. गाणं समोर बसूनच येतं. गुरू श्वास कुठे घेतो, पोट कसं हलतं, कुठे हसतो, हे चौकोनात दिसत नाही. आणि ते प्रोग्रॅम आवाज लहान केला की स्वतःच मोठा करतात, मोठा केला की दाबतात. मग तो लहान-मोठा आवाज लावायला इतकी वर्षं जी मेहनत केली तिचं काय? सगळं एका सपाट पट्टीत. ऑनलाइन म्हणजे पलटे घोकून घेणं, फार तर. कुणाला राग आला तर दिवा घ्या, म्हणजे हलकं घ्या.

डग्गा

जुनाजाणता, अर्ध्याला +१. पण तो आवाज लहान-मोठा करायचा प्रकार बंद करता येतो. झूममध्ये ओरिजिनल साउंड म्हणून आहे ते चालू करायचं, मग तंबोराही पुसला जात नाही. दोन्ही बाजूंनी चालू पाहिजे. आणि त्याबरोबर हेडफोन लावा नाहीतर आवाज फिरून परत येतो. वायरवाले घ्या, ब्लूटूथचा माईक चालू झाला की आवाज जुन्या टेलिफोनच्या दर्जाचा होतो, वर उशीर वेगळा

राहिला श्वासाचा मुद्दा तर ते खरं आहे, त्याला बटण नाही

साठीनंतर

मी साठी उलटल्यावर पेटी शिकायला घेतली, नातवंडं हसली तर हसू देत. आमच्या सरांना बोटं वरून दिसायला हवी होती, फोन समोरून ठेवला तर फक्त माझा चष्मा दिसतो म्हणे. स्टँड आणायला बाजार बंद. मग पेटीच्या मागे पिठाचा डबा, त्यावर तांदळाचा डबा, त्यावर पोळपाट, पण पोळपाट असा पुढे काढलेला की त्याची कड पेटीवर येईल, आणि मागच्या बाजूला खलबत्ता ठेवायचा नाहीतर सगळं पेटीवर कोसळतं. कडेला फोन, कॅमेरा बाहेर लोंबता. सरांना वरून सगळ्या पट्ट्या दिसायच्या. फक्त पोळ्या क्लासच्या आधी उरकायच्या.

सर म्हणायचे, "काकू, अंगठा आत घ्या, अंगठा". भाता मात्र त्यांना दिसायचा नाही, तो मी कसाही मारायचे. समोरासमोर पहिल्यांदा भेटलो तेव्हा म्हणाले, अहो हे काय, पंप मारताय का.

मांडवीकाठी

मी गोव्याची. लॉकडाऊनमधल्या चतुर्थीला पुतण्या दुबईत अडकला, त्याला आरतीला घुमट पाहिजे होतं. घुमट होतं त्याच्याकडे, नेलेलं, वाजवता येत नव्हतं. घुमट म्हणजे मातीचं मडकं, एका तोंडाला कातडं, दुसरं तोंड उघडं. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, आता बंदी आहे, बकऱ्याचं लावतात, जुने लोक अजून म्हणतात तो नाद नाही. तर उजव्या हाताने कातड्यावर वाजवायचं आणि डाव्या तळव्याने मागचं तोंड झाकायचं-उघडायचं, सगळी गंमत त्या डाव्या हातात, आणि तोच नेमका कॅमेऱ्यामागे! भावाने मग पाठमोरं बसून दाखवलं. अर्धा तास पोराने काकाची पाठ बघितली.

चतुर्थीला सगळ्या घरांनी एकदम कॉल लावला, इथे शामेळ, तिथे झांज, तिसरीकडे कुत्रं. आरती कोणाची कुठे चाललीय पत्ता नाही. शेवटी एका घराचा आवाज चालू, बाकी सगळे बंद करून आपापल्या घरात ओरडले. देव काय तो समजला असेल

कोमल_रिषभ

काकाची पाठ

नादखुळा

अवांतर: स्काइप बंद झालं ती तारीख ५ मे २०२५. विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ती ५ मे १९०१. तारीख तीच, नुसता योगायोग

पेटीवाली_ताई

नादखुळा, अरे कमाल आहे, माझ्या लक्षातच नाही आलं. मी गांधर्वचीच विशारद.

विशारदवरून आठवलं, नोटेशन. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारेला वर टिंब. हे फोनवर कसं टाइप करणार? एकीने स्वतःचीच पद्धत काढली, कोमलला ग च्या पुढे को, तीव्रला ती. आणि मग बंदिशीच्या ओळीत "को" हा शब्दच आला, तिने तो स्वर समजून गायला. तेव्हापासून वहीवर पेनाने लिहायचं आणि फोटो पाठवायचा, तेही सावली न पाडता.

अबोली_

सगळ्यांचं वाचून हसतेय आणि मधेच थांबते. आमचे सर २०२१ मध्ये गेले. शेवटचे काही महिने क्लास ऑनलाइनच होते आणि मी आळशी म्हणून सगळे रेकॉर्ड करायचे, नंतर नोटेशन लिहायला. तेवढे क्लास आहेत आता. गाणं कमी आणि "मागे ये, घाई नको, मागे ये" हेच जास्त. त्यात एकदा दारावर पोस्टमन येतो तर ते उठून जातात आणि रिकामी खुर्ची दिसते, आतून बोलणं ऐकू येतं. तेवढा भाग मी पुढे ढकलत नाही.

जुनाजाणता, तुमचं पटतं मला. पण समोर बसून शिकले त्या आधीच्या वर्षांचं माझ्याकडे काहीच नाहीये.

साठीनंतर

अबोली, बाळा, दोन ठिकाणी कॉपी करून ठेव ते. एक पेनड्राइव्हवर, एक कुणा विश्वासातल्याकडे. आजच कर.

जुनाजाणता

अबोली, यावर माझ्याकडे बोलायला काही नाही. साठीनंतर म्हणतायत तसं जरूर करा.

तारवाला

अबोली, फाइली मोठ्या असतील तर मला व्यनि (खाजगी निरोप) करा, आवाज वेगळा काढून देतो, जागा कमी लागेल. चित्रही मूळचं ठेवाच.

मुलुंडची_मुग्धा

क्लास संपला वाटतं लेकीचा, पळते. कुणाला जुन्या पेटीचे सूर लावून देणारं कुणी माहितेय का, मुलुंड-ठाण्याकडे? आजेसासूबाईंची पेटी आहे, मधल्या सप्तकातला निषाद दाबला की पंचमही वाजतो, आणि लेक म्हणते मी त्या दोघांना ओळखते, तसंच राहू दे

डग्गा

स्वर नाही बिघडला, आतली पट्टी वर उचलली जातेय, स्प्रिंग सैल असेल किंवा मधे कचरा. मुलीने उघडू नये. व्यनि करतो नंबर, पण ते फोन उचलत नाहीत, मेसेज टाका

मुलुंडची_मुग्धा

धन्स! व्हिडिओ कॉलवर दाखवली तर चालेल का त्यांना

डग्गा

दाखवा की