स्पोर्ट्स कारला स्टेपनी नाही: फोम भरायचा, स्ट्रिप मारायची की थेट फ्लॅटबेड?

आडवाटेवरचा (धागाकर्ता)

कोटीच्या वरची दोन दारांची गाडी घ्या आणि पंक्चरचं सामान शोधा. स्टेपनी नाही, जॅक नाही. एका कप्प्यात भोक बुजवणाऱ्या चिकट द्रवाची (लोक त्यालाच फोम म्हणतात) बाटली आणि १२ व्होल्टचा छोटा पंप, संपलं. यावर नेहमीची ओरड असते की एवढे पैसे घेतात आणि साधी स्टेपनी देत नाहीत. ही ओरड मला पटत नाही. पोर्शे ९११ कॅरेराची आताची ९९२ पिढी घ्या. पुढचे टायर २३५/४०, १९ इंची. मागचे २९५/३५, २० इंची. द्यायचीच तर कुठल्या चाकाची स्टेपनी द्यायची? आणि मागचं चाक काढलंत तर ते धूड ठेवणार कुठे? पुढच्या डिकीत ते मावत नाही. म्हणजे शेजारच्या सीटवर, आणि त्या सीटवरचं माणूस एसटीने.

कायदाही आड येत नाही. ऑक्टोबर २०२० पासून ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारे सेन्सर आणि दुरुस्तीचं किट एवढं असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला स्टेपनीची सक्ती नाही.

माझं भांडण त्या बाटलीशी आहे. पंक्चर दिसलं की लोक आधी तीच उचलतात, कारण कंपनीने दिलीय. ती चालते कधी? भोक साधारण ४ मिलिमीटरपर्यंत असेल, आणि ते टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागात असेल तर. बाजूची भिंत फाटली असेल तर सगळा द्रव रस्त्यावर. चाललीच तर पुढे ८०च्या आत हाकायची, थोडं गेल्यावर थांबून हवा पुन्हा मोजायची. मग टायरवाला आतला चिकचिकाट बघून म्हणतो, साहेब, हा टायर आता सोडा.

किटमधली खरी कामाची वस्तू पंप आहे. खिळा रुतलेला असतो तेव्हा बहुतेक वेळा तोच बूच होऊन बसतो. हवा हळूहळू जाते आणि सेन्सर आधीच सांगतो. खिळा उपटू नका. हवा भरा, दाब बघत बघत जवळच्या दुकानात जा, तिथे आतून पॅच मारून घ्या. स्वतःला जमत असेल तर स्ट्रिप मारा, म्हणजे बाहेरूनच भोकात रबराची दोरी खुपसा. नाहीच जमलं तर फ्लॅटबेड, म्हणजे पूर्ण गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक. बाटली सगळ्यात शेवटी. काही किटमध्ये हवा बाटलीतूनच जाते, त्यांनी वेगळा पंप विकत घेऊन ठेवावा.

खंडाळ्याचा वारा

वाचायला छान आहे, पण हे सगळं पार्किंगमध्ये उभं राहून लिहिल्यासारखं वाटतं. एक्सप्रेसवेवर बोरघाटाच्या चढावर उजवं मागचं चाक बसलंय. तुमच्या पाठीपासून दोन हातांवरून कंटेनर जातायत. तिथे उकिडवं बसून खिळा शोधायचा? आणि सापडला तरी स्ट्रिप मारणार कशी? पुढचं चाक निदान स्टिअरिंग वळवून बाहेर काढता येतं. मागचं वळत नाही, वर चाकाची कमान खाली उतरलेली, स्ट्रिपच्या हत्याराची मूठ आत शिरतच नाही. जॅक नाही म्हणजे चाक काढायचा प्रश्नच मिटला. गाडी इंच इंच पुढे सरकवत खिळा समोर आणायचा, आणि असल्या टायरच्या तारांतून सुई ढकलायला मनगट लागतं ते वेगळंच.

बाटलीला यातलं काही लागत नाही. व्हॉल्व्हला नळी लावा, बटण दाबा, कठड्यापलीकडे जाऊन उभे राहा. माझ्या हिशेबी तिथे टायर गेला तर जाऊ दे, माणूस राहिला पाहिजे.

बारा-तेराचा पाना

आमचं हायवेलगत टायरचं दुकान आहे, म्हणून दोघांनाही टोकतो.

खंडाळ्याचा वारा, घाटात थांबूच नका ना. हवा कमी झाल्याचा दिवा लागला म्हणजे टायर संपला असं नाही. वेग उतरवा, हजार्ड लावा, रुंद जागा येईपर्यंत हळू सरका. मात्र चाक पूर्ण बसलं असेल तर हा सल्ला लागू नाही, कारण ३५च्या प्रोफाइलला (२९५/३५ मधला ३५, म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ३५ टक्के) भिंत असते बोटभर. रिकाम्या टायरवर थोडं जरी चाललात तरी रिम ती भिंत आतून चिरडते. आम्ही टायर उतरवला आणि आतून काळी रबराची भुकटी पडली की पुढचं बोलायचं कारणच उरत नाही. वरून कितीही नवा दिसू दे, तो टायर गेलेला असतो. अशा टायरमध्ये फोम भरून, हवा ठोकून लोक ८०ने येतात. नशीब घेऊन फिरतात, दुसरं काय.

आडवाटेवरचा साहेब, फोममुळे टायर फुकट जातो हे अर्धं खरं. ताजा असेल तर पाण्याने धुऊन निघतो, सेन्सरही पुसून चालतो. वाळला की खरवडत बसावं लागतं, त्याचे पैसे आम्ही घेतो आणि शिव्याही देतो. दुकानात आल्या आल्या "आत फोम आहे" एवढं सांगा. न सांगता आणतात आणि पोराच्या तोंडावर उडतं.

आता ज्यावर कोणीच बोललं नाही ते. आमच्याकडे गाडी पोचली तरी अडतं कुठे? एक, लॉकिंग बोल्टची, म्हणजे चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेल्या बोल्टची, चावी. ती घरी कपाटात असते. ती नसेल तर चाक निघत नाही, मग मी काय नि कंपनीचा माणूस काय. दोन, आमचा ट्रॉली जॅक तुमच्या गाडीखाली शिरत नाही. आधी फळीवर चढवावी लागते. घाईत पोरगं सिलखाली (दाराखालच्या पट्टीखाली) कुठेही जॅक लावतं आणि पत्रा चेपतो, तेव्हा जॅक कुठे लावायचा ते स्वतः उभं राहून दाखवा. तीन, पोर्शेच्या जीटी३सारखी, चाकाला एकच मोठा नट असलेली गाडी असेल तर आमच्याकडे येऊच नका. तो नट ६०० न्यूटन-मीटरला आवळतात. आमच्या टॉर्क रेंचच्या आवाक्यातलं ते काम नाही.

ऑरेंज सिटी

तुमचं सगळं मुंबई-पुणे चाललंय. तिथे दर थोड्या अंतरावर फूड मॉल आहे, दुकान आहे. समृद्धीवर या. ७०१ किलोमीटर, १२०ची मर्यादा, उन्हाळ्यात तापलेलं काँक्रीट, आणि बाहेर पडायला पुढच्या इंटरचेंजपर्यंत जावंच लागतं. सप्टेंबर २०२५ मध्ये संभाजीनगरजवळ रस्त्यावर खिळे ठोकल्याचा व्हिडिओ फिरला होता, आठवतो का? ते खिळे नव्हते. काँक्रीटच्या भेगांत इपॉक्सी भरायला बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या होत्या. गाड्यांचे टायर फुटले ते फुटलेच. असल्या कामाला बाटली नाही पुरत आणि स्ट्रिपही नाही.

माझं मत सरळ आहे. लांब जायचं असेल तर रनफ्लॅट. हवा शून्य झाली तरी ८०च्या वेगाने साधारण ८० किलोमीटर नेतात. कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारने १९९७च्या पिढीपासून स्टेपनी काढून टाकली ती रनफ्लॅटच्याच भरवशावर. बीएमडब्ल्यूवाले वर्षानुवर्षं देतायत.

आडवाटेवरचा

@ऑरेंज सिटी, रनफ्लॅटची भिंत जाड आणि कडक असते, आपल्या खड्ड्यांत रिमला आणि पाठीला दोघांना कळतं. शिवाय वळणावर टायर कसा वागतो यासाठीच तर गाडी घेतलेली असते. पोर्शे स्वतः मंजूर केलेल्या टायरवर एन० सारखी खूण मारते. ती सोडून दुसरंच काही बसवायचं तर मग गाडी तरी ती का घ्यायची?

@खंडाळ्याचा वारा, जिवावर बेतत असेल तिथे बाटली वापरावी, यात वाद नाही. पण अशी जागा किती वेळा येते? बहुतेक पंक्चर सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कळतात, आणि लोक तिथेही बाटलीच ओततात.

खंडाळ्याचा वारा

पार्किंगचं मान्य. पण स्ट्रिपचं नाही. वाय रेटिंगचा टायर ३०० किलोमीटर वेगासाठी बनवलेला असतो. त्यात रबराची दोरी खुपसली की ते रेटिंग कागदावरच राहतं. तुम्ही म्हणाल, आपण कुठे ३००ने जातो. बरोबर, पण असल्या गाडीचा मालक "आता यात स्ट्रिप आहे, मी हळू जाईन" असं किती दिवस लक्षात ठेवेल? पंधरा दिवसांनी पहाटे रस्ता मोकळा दिसला की पाय खाली जातोच. मी स्ट्रिप मारलेला टायर दुकानापर्यंत नेईन, तिथे नवा घालीन. त्या ॲक्सलवरचा जोडीदार जास्त झिजलेला असेल तर दोन्ही.

श्टुटगार्टची सून

जर्मनीतून लिहितेय. इथे गाडीत त्रिकोण आणि चमकतं जॅकेट ठेवणं सक्तीचं आहे, आणि ऑटोबानवर गाडी बंद पडली की लोक आधी जॅकेट घालून कठड्यापलीकडे जातात, मग फोन. एडीएसी या मोटार क्लबची पिवळी गाडी येते. स्टेपनीचा विषय चहाला पुरेल एवढासुद्धा निघत नाही. स्टेपनी नसण्याची सवय यांना लागली कारण फोन केल्यावर माणूस येतो. तुमच्याकडे गाडी तीच विकली, मागचा माणूस विकला नाही. धाग्यातला खरा मुद्दा मला तरी हा वाटतो.

अवांतर: नवऱ्याच्या साहेबांकडे जुनी ९११ आहे. तिच्यात घडी घातलेली, पंपाने फुगवायची बारकी स्टेपनी आहे. म्हणजे जागा नाही हे कारण पूर्वी चालत नव्हतं!

आडवाटेवरचा

बारकी स्टेपनी आली तरी पंक्चर झालेलं चाक ठेवायचं कुठे, हा माझा प्रश्न तसाच उरतो. साहेबांना विचारून कळवा.

बारा-तेराचा पाना

फ्लॅटबेडबद्दल राहिलं. फोनवर "टोइंग" म्हणू नका, हायड्रा (क्रेन) येतो. तो पट्टा टाकून पुढून उचलतो, मागची चाकं रस्त्यावर फरफटत येतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांना ताकद असलेल्या गाडीची वाट लागते. पूर्ण गाडी वर घेणारा फ्लॅटबेडच हवा, असं दोनदा सांगा. बंपरमध्ये झाकणामागे हुक बसवायची जागा असते, हुक टूलकिटमध्ये असतो. तो बसवून विंचने ओढू द्या, पट्टा सस्पेन्शनला बांधू देऊ नका. आणि नाक घासू नये म्हणून उताराखाली फळ्या लागतात. त्या घेऊनच ये, असं निघण्याआधी बजावा, नंतर तो रस्त्यावर विटा शोधत फिरतो.

बाटलीवर तारीख छापलेली असते, चार-पाच वर्षांत द्रव आतच गोठतो. सेकंडहँड घेतली असेल तर आजच बघा.

ऑरेंज सिटी

एवढं सगळं करायचं असेल तर मी इनोव्हाने जातो.