बोधचिन्हाच्या पहिल्या सादरीकरणात मॉक-अप (चिन्ह प्रत्यक्ष वस्तूवर कसे दिसेल याचे चित्र) दाखवावा का?

अक्षररेषा:
दाखवू नये, असे माझे ठाम मत झाले आहे. तयार पीएसडी (फोटोशॉपची) फाइल उघडून स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे चित्र बदलता येणाऱ्या चौकटीत, चिन्ह टाकले की दोन मिनिटांत ते चामड्यावर ठसा उमटवल्यासारखे किंवा काचेच्या दारावर कोरल्यासारखे दिसू लागते. तिरपा कोन, बाजूने येणारा मऊ उजेड आणि धूसर पार्श्वभूमी यांमुळे सामान्य चिन्हही देखणे भासते, आणि ग्राहक होकार देतो तो चिन्हाला नव्हे, त्या छायाचित्राला. माझे एक काम असेच पसंत झाले. पुढे तेच चिन्ह पावतीपुस्तकावर लहान आकारात, एका रंगात छापायची वेळ आली तेव्हा त्यातली दोन आकारांमधली बारीक फट शाईने भरून गेली. चिन्ह आधी पांढऱ्या कागदावर केवळ काळ्या रंगात, एकदा मोठे आणि एकदा १६ बाय १६ पिक्सेल इतके लहान करून दाखवावे. अमेरिकी ग्राफिक डिझाइनर पॉल रँड यांनी १९८६ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांच्या नेक्स्ट या संगणक कंपनीपुढे एकच बोधचिन्ह ठेवले, आणि सोबत त्यामागचा विचार पायरीपायरीने उलगडणारी पुस्तिका दिली.

कोरा कागद:
आपला अनुभव खरा आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. रँड यांच्या नावावर तोवर आयबीएमचे बोधचिन्ह जमा होते. त्यांच्या शब्दाला जे वजन होते ते नवोदिताच्या शब्दाला कोठून येणार? कागदावरचे चिन्ह पाहून त्याचा फलक मनात उभा करणारी नजर आपल्याला कामातून मिळते. ग्राहकाकडे ती नसते, म्हणून नुसते चिन्ह समोर ठेवले की तो त्यात पक्षी दिसतो की पान याचा शोध घेत बसतो, आणि चर्चा व्यक्तिगत आवडीनिवडीत अडकते. वेष्टनाच्या बाबतीत तर मॉक-अप अपरिहार्यच आहे, कारण खोक्याच्या घडीवर नाव दुमडते आहे हे सपाट पानावर लक्षातच येत नाही.

छापखाना:
मी छपाईच्या बाजूने लिहितो. पडदा आरजीबी (लाल, हिरव्या, निळ्या) उजेडाने रंग दाखवतो आणि आम्ही सीएमवायके (निळसर, किरमिजी, पिवळ्या, काळ्या) शाईने छापतो, त्यामुळे मॉक-अपमधला झळाळता निळा कागदावर मंद उतरतो. सोनेरी फॉइलसाठी वेगळा डाय (धातूचा ठसा) करावा लागतो आणि त्याचा खर्चही वेगळा असतो, हे त्या चित्रात कोठेच लिहिलेले नसते. ग्राहक मात्र मोबाइलवरचे चित्र पुढे करून ‘हुबेहूब असेच हवे’ म्हणतो, आणि तेव्हा डिझाइनर समोर नसतो. निवडलेल्या कागदावर काढलेला प्रूफ (छपाईचा नमुना) आणि हाताने कापून, घडी घालून केलेली डमी यांवर माझा अधिक विश्वास आहे.

अक्षररेषा:
वेष्टनाचा मुद्दा मला मान्य आहे. तिथे आकार हाच मजकुराचा भाग असतो. बोधचिन्हाबाबत मात्र माझा आग्रह क्रमाचा आहे. एकदा झगमगीत चित्र पाहिलेल्या ग्राहकाला नंतर काळे-पांढरे चिन्ह दाखवले की त्याला काहीतरी काढून घेतल्यासारखे वाटते, आणि मग दोषांवर शांतपणे बोलता येत नाही.

कोरा कागद:
मग चित्र झगमगीतच का असावे? ज्या वस्तूंवर ते चिन्ह खरोखर उमटणार आहे, त्यांचेच मॉक-अप प्रत्यक्ष आकारात करावेत. आपण पहिल्याच भेटीत चामड्याऐवजी त्या पावतीपुस्तकाचा एकरंगी मॉक-अप ठेवला असता, तर ती फट त्याच दिवशी सर्वांच्या नजरेस आली असती.