डंकन फर्ग्युसन: कोच कच्चा की क्लबच बुडीत?

निळा_शर्ट (धागाकर्ता)

परवा कट्ट्यावर डंकन फर्ग्युसनचं (स्कॉटलंडचा माजी फुटबॉलपटू, नंतर कोच) नाव निघालं आणि सगळे हसले. "दोन क्लब हातात घेतले, दोन्ही रेलिगेट (खालच्या लीगमध्ये ढकलले गेले)." हिशेब बरोबर आहे. पण हसणं मला पटलं नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. १९७१ साली स्टर्लिंगला जन्म. डंडी युनायटेडमध्ये जिम मॅकलीनसारख्या खडूस मास्तरच्या हाताखाली तयार झाला. १९९३ मध्ये ग्लासगोच्या रेंजर्स क्लबने त्याच्यासाठी ४० लाख पौंड मोजले, तेव्हाचा ब्रिटनमधला विक्रम. पुढच्याच एप्रिलमध्ये त्याने रेथ रोव्हर्सच्या एका बचावपटूला डोकं मारलं. रेफरीने कार्डसुद्धा दाखवलं नाही, पण फुटबॉल संघटनेने १२ सामन्यांची बंदी घातली आणि प्रकरण कोर्टात गेलं. ग्लासगोच्या बार्लिनी तुरुंगात पठ्ठ्या ४४ दिवस काढून आला. संघटनेवरचा राग एवढा, की स्कॉटलंडकडून ७ सामने खेळून पुढे देशासाठी खेळायलाच नकार दिला.

तोवर तो लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टन क्लबचा झाला होता. पहिला गोल त्याच शहरातल्या लिव्हरपूल क्लबविरुद्ध, १९९५ ला एफए कप. तुरुंगात असताना त्याला पत्र लिहिणाऱ्या पोरांमध्ये एक वेन रूनी होता, पुढे इंग्लंडचा मोठा स्ट्रायकर झाला तोच. एवढं सांगितलं की त्या शहरातलं त्याचं वजन कळतं.

आता मुद्दा. जानेवारी २०२३ मध्ये त्याला पहिला पूर्णवेळ जॉब मिळाला तो फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्सचा. इंग्लंडच्या लीग वनमध्ये (तिसरी पातळी) तळाला, अर्धा सीझन संपलेला. सप्टेंबरमध्ये इनव्हरनेस, स्कॉटिश चॅम्पियनशिपमध्ये (दुसरी पातळी) तोही तळाला. वर सव्वा वर्षात तो क्लबच दिवाळखोरीत. ज्याच्याकडे येणारा पेशंट आधीच व्हेंटिलेटरवर असतो, त्या डॉक्टरची आकडेवारी काढून काय सिद्ध होणार?

---

फ्लॅग_वर

असहमत. पेशंट व्हेंटिलेटरवर होता हे मान्य, पण डॉक्टरने काय केलं ते तरी बघाल की नाही? फॉरेस्ट ग्रीनमध्ये १८ सामने, विजय १. अठरा सामने म्हणजे जवळजवळ चार महिने. लॉटरीचं तिकीट काढणारासुद्धा यापेक्षा जास्त वेळा जिंकतो.

आणि हाच क्लब २०२२ मध्ये रॉब एडवर्ड्सने लीग टूचा (चौथी पातळी) विजेता करून दाखवला होता. तोच एडवर्ड्स पुढच्या वर्षी लूटनला प्रीमियर लीगमध्ये घेऊन गेला. म्हणजे कोचमुळे फरक पडतो. नसेल पडत तर पगार कशाला देतात?

---

निळा_शर्ट

तो एक विजय कोणाविरुद्ध, तेही लिहा. शेफील्ड वेन्सडे! लीगमध्ये २३ सामने न हरता आलेला संघ. आणि एडवर्ड्सची टीम वेगळ्या डिव्हिजनमधली. त्याच्यानंतर लीग वनमध्ये पहिल्यांदाच आलेल्या क्लबचं जे झालं ते फर्ग्युसन यायच्या आधीच झालं होतं.

---

फ्लॅग_वर

एका वेन्सडेवर किती दिवस काढणार, राव.

---

दमट_मोजे

मला त्या क्लबचं जास्त कौतुक वाटतं. आख्खा व्हीगन क्लब, स्टेडियमवर मांस मिळत नाही, आणि तिथे कोण आणला तर बिग डंक, म्हणजे आपला फर्ग्युसन. मुलाखतीत काय विचारलं असेल देव जाणे.

विषयांतर बास. माझा आक्षेप जुना आहे, डिसेंबर २०१९ चा. सगळ्यांना चेल्सीवरचा ३-१ आठवतो. एव्हर्टन रेलिगेशन झोनमध्ये, मार्को सिल्व्हाला काढलेलं, फर्ग्युसन हंगामी. गोल झाला की हा टचलाइनवरून धावत सुटतो आणि बॉलबॉयला मिठी मारतो. मीही टीव्हीसमोर ओरडलो होतो, खोटं कशाला बोलू. पण आठवडाभरात ओल्ड ट्रॅफर्ड, मँचेस्टर युनायटेडचं मैदान. मोइझे कीन, १९ वर्षांचं पोरगं, सब म्हणून आत पाठवलं आणि २० मिनिटंही झाली नसतील, परत बाहेर बोलावलं. पोरगं मान खाली घालून सरळ बोगद्याकडे चालू लागलं. शेजारून जाताना हाताला हात नाही, पाठीवर थाप नाही. सामना १-१ सुटला, नंतर वेळ काढायचा होता वगैरे कारण दिलं. ज्याच्या भांडवलात 'मी खेळाडूंचा माणूस' एवढी एकच गोष्ट आहे, त्याने ते करावं? डावपेच कमी असले तर चालतात, पण मग माणसं तरी सांभाळायला हवीत.

---

निळा_शर्ट

कीनचं वाईट झालं, त्यावर वाद नाही.

---

मोरे_फर्थ

मी ॲबर्डीनला तेलाच्या कामात आहे, म्हणून इनव्हरनेसबद्दल लिहितो. ट्रेनने सव्वादोन तास. स्टेडियम अगदी खाडीला लागून, केसॉक पूल डोक्यावर. मी गेलो त्या दिवशी वारा असा होता की गोलकिक हवेत थांबून मागे यायची, आणि सीगल आमच्या चिप्सवर टपलेले. एवढ्याशा क्लबने २००० साली सेल्टिकसारख्या बलाढ्य क्लबला स्कॉटिश कपमध्ये ३-१ ने हरवलं होतं, २०१५ ला स्कॉटिश कप जिंकला आणि जून २०२३ मध्ये पुन्हा फायनल खेळला. तीन महिन्यांनी फर्ग्युसन आला तेव्हा लीगमध्ये शेवटचा.

लोक एक गोष्ट विसरतात. तिथे खेळाडू टिकवणं हेच मोठं काम आहे. बहुतेक स्कॉटिश फुटबॉलपटू ग्लासगो-एडिंबरा पट्ट्यात राहतात. घर सोडून एवढ्या उत्तरेला कोण येणार? त्यावर २०२४ मध्ये क्लबने काढलेला उपाय ऐका: टीमचा सराव फाइफमधल्या केल्टीला. इनव्हरनेसहून दोनशे किलोमीटरच्या पुढे! गावातले लोक एवढे भडकले की निर्णय मागे घ्यावा लागला. चूल एका गावात आणि जेवण दुसऱ्या गावात, असा संसार. पैशाची बोंब तर होतीच. ऑक्टोबरमध्ये क्लब दिवाळखोरीत जाऊन प्रशासक आले, १५ गुण कापले गेले आणि फर्ग्युसनची नोकरी गेली.

या सगळ्यात टीमची मांडणी ४-४-२ की ३-५-२ याने काय फरक पडला असता?

---

फ्लॅग_वर

मोरे_फर्थ, प्रतिसाद छान, पण शेवट तुम्हीच अर्धा सोडलात. फर्ग्युसन गेल्यावर काय झालं? क्लबमध्येच असलेल्या स्कॉट केलाचरने टीम घेतली. पैसे नाहीत, १५ गुण उणे, आणि तरी स्कॉटिश लीग वनमध्ये (तिसरी पातळी) टिकवली. तोच वारा, तेच सीगल.

आणि मे २०२४ मधला प्लेऑफ? चॅम्पियनशिपमध्ये नववे आलात तरी टिकायची एक संधी मिळते. हॅमिल्टन खालच्या लीगमधला संघ, त्याच्याकडून हरले. तेव्हा प्रशासक आले नव्हते.

---

मोरे_फर्थ

केलाचरबद्दल टोपी काढतो. पण तो वर्षानुवर्षं तिथला माणूस आहे, गाव त्याच्या मागे उभं राहिलं. केल्टी प्रकरणानंतर फर्ग्युसनच्या मागे कोण उभं राहणार होतं?

हॅमिल्टनचा मुद्दा बरोबर आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

---

आजीचा_रेडिओ

काही थोर स्कॉटिश मॅनेजर तळातूनच आले, हेही लक्षात घ्या. पुढे मँचेस्टर युनायटेड गाजवणारा ॲलेक्स फर्ग्युसन १९७४ मध्ये ईस्ट स्टर्लिंगशायरला गेला तेव्हा क्लबकडे गोलकीपरसुद्धा नव्हता. सेंट मिरेनने त्याला १९७८ मध्ये चक्क हाकलला. तेव्हा कोणी कट्ट्यावर हसलं असतं तर?

---

दमट_मोजे

आडनाव सारखं म्हणून तुलना होत नाही हो आजी :) त्या फर्ग्युसनने सेंट मिरेनला आधी १९७७ मध्ये वर चढवलं होतं, मग हाकलला गेला. तुलना करायचीच तर पुढे एव्हर्टनचा मॅनेजर झालेल्या डेव्हिड मॉइसशी करा. तो खेळत असतानाच कोचिंगचे कोर्स करत होता आणि १९९८ मध्ये प्रेस्टनला कामाला लागला. आपला नायक २००६ ला निवृत्त झाला आणि मयोर्काला ऊन खात बसला. एव्हर्टनच्या अकादमीत यायला काही वर्षं गेली. मॉइसच्या हाताखाली चार वर्षं खेळूनही हे सुचलं नाही?

---

आजीचा_रेडिओ

उन्हाचं एवढं काय? स्टर्लिंगला वाढलेल्या माणसाला बसू दे की. नंतर कोचिंगचं लायसन्स काढलं, २०१४ पासून एव्हर्टनच्या पहिल्या टीमबरोबर होता. मार्टिनेझ, कूमन, ॲलर्डाइस, सिल्व्हा, अँचेलॉट्टी, सगळे मॅनेजर आले नि गेले, हा होताच. आठ वर्षं दुसऱ्याच्या सरावाचे शंकू मांडायचे आणि पन्नाशी ओलांडल्यावर पहिला स्वतःचा संघ, तोही गाळात रुतलेला.

---

सातवी_ब

नेहमी वाचते, आज पहिल्यांदा लिहिते. जुलै २०२३ मध्ये फर्ग्युसनला काढल्यावर फॉरेस्ट ग्रीनने हॅना डिंगलीला हंगामी कोच केलं. इंग्लंडमध्ये पुरुषांच्या व्यावसायिक संघाची पहिली महिला कोच. तिला एकही लीग सामना न देता दोन आठवड्यांत दुसरा माणूस आणला. आणि क्लब पुढच्या वर्षी पुन्हा रेलिगेट, चार पातळ्यांच्या लीगमधूनच बाहेर. त्यामुळे त्या क्लबच्या बाबतीत तरी मी धागाकर्त्याच्या बाजूने. एका कोचचा प्रश्न नव्हता तो.

---

निळा_शर्ट

सातवी_ब, धन्यवाद, हा मुद्दा मी धाग्यातच घालायला हवा होता.

फ्लॅग_वर, केलाचर मला नडतोय हे कबूल. फॉरेस्ट ग्रीनसाठी मी डंकनला दोष देणार नाही, इनव्हरनेससाठी अर्धा देतो. मला पाहायचं होतं ते वेगळंच. त्याला एकदा तरी जुलैमध्ये टीम मिळावी, खेळाडू स्वतः निवडावेत, आणि पहिल्या सामन्याला तक्त्यात सगळ्यांचे शून्य गुण असावेत. दोन क्लबमध्ये मिळून असा उन्हाळा त्याच्या वाट्याला एकच आला. त्यात त्यांनी सराव फाइफला न्यायचा घाट घातला.

---

फ्लॅग_वर

अर्धा मिळाला, ठेवून घेतो. बाकीचा अर्धा पुढच्या शनिवारी कट्ट्यावर.

---

दमट_मोजे

तोवर तो कबुतरं पाळतोय. खरंच पाळतो, जुना शौक आहे. ती तरी संध्याकाळी परत येतात.