व्हर्जिनियाची असेंब्ली: पार्लमेंटचं पिल्लू की कंपनीची सर्वसाधारण सभा?

टाचणी
परवा इथे कुणीतरी ठोकून दिलं, 'मॅग्ना कार्टा मेफ्लॉवरमध्ये बसून अमेरिकेला गेला, तिथून लोकशाही सुरू', आणि खाली भराभर +१. (मॅग्ना कार्टा म्हणजे १२१५ ची इंग्लिश हक्कांची सनद.) तिथे उत्तर लिहायला घेतलं ते लांबलं, म्हणून हा धागा.

इंग्लिश स्थलांतरितांचं मेफ्लॉवर जहाज अमेरिकेला पोचलं नोव्हेंबर १६२० ला. त्याआधीच ३० जुलै १६१९ रोजी व्हर्जिनियातल्या जेम्सटाउनच्या चर्चमध्ये ११ वस्त्यांचे प्रत्येकी दोन असे २२ बर्जेस, म्हणजे निवडलेले प्रतिनिधी, जमले होते. त्यांना ना राजाने बोलावलं होतं, ना पार्लमेंटने. बोलावलं ही वसाहत चालवणाऱ्या लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीने. साडेबारा पौंडांचा शेअर घेतलेल्यांना दमडीचा नफा दिसत नव्हता, माणसं मरत होती, आणि लष्करी शिस्तीच्या कायद्यांमुळे तिकडे जायला कोणी धजत नव्हतं. मग १६१८ मध्ये कंपनीने स्वखर्चाने येणाऱ्याला माणशी ५० एकर देऊ केले आणि शिवाय कारभारात तोंड उघडायची सोय केली. लोकशाही वगैरे नाही, माणसं भरायची योजना होती ती.

मॅसॅच्युसेट्समध्ये तर तिथली वेगळी कंपनीच सरकार झाली. १६२९ च्या सनदेत सभा लंडनलाच भरली पाहिजे अशी अट नव्हती, म्हणून त्या कंपनीचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप आणि मंडळी १६३० मध्ये सनदच सोबत घेऊन गेली. आपल्या साखर कारखान्याची वार्षिक सभा उद्या विधानसभा म्हणून बसली तर कसं, तसंच. मूळ इंग्लिश आहे, पण वेस्टमिन्स्टरचं, म्हणजे पार्लमेंटचं, नाही.

जुनं_खोड
बोलावलं कुणी एवढंच बघितलंत. आत बसल्यावर काय केलं ते कोण बघणार? स्पीकर होता जॉन पोरी, लंडनच्या कॉमन्समध्ये, म्हणजे पार्लमेंटच्या निवडून आलेल्या सभागृहात, बसून आलेला माणूस. प्रार्थना, मग शपथा, मग सभासदांची छाननी. जॉन मार्टिनच्या मळ्याच्या दोघांना बसूच दिलं नाही, कारण मार्टिनच्या खासगी पट्ट्यात वसाहतीचे कायदे त्याला लागू नाहीत अशी सूट होती. कायदा पाळायचा नाही आणि करायला मात्र यायचं? आपला सभासद आपणच ठरवायचा हा हक्क कॉमन्सने १६०४ मध्ये गुडविन प्रकरणात, म्हणजे एका खासदाराच्या निवडीच्या वादात, राजाशी भांडून मिळवला होता. पंधरा वर्षांत तो जेम्सटाउनला पोचला. नंतर कंपनीच्या सनदेवर दोन समित्या बसवल्या. शेवटी १६ वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषावर एक पौंड वजनाच्या तंबाखूची पट्टी, कशासाठी तर स्पीकर, क्लार्क आणि सार्जंट (सभेत शिस्त राखणारा अधिकारी) यांच्या मेहनतान्यासाठी. कुठल्या साखर कारखान्यात सार्जंट असतो, तेवढं सांगा.

टाचणी
सार्जंट दिला तुम्हाला, ठेवून घ्या. पण तुमचा पोरी हा वसाहतीचा नेमलेला सचिव होता. गव्हर्नर आणि त्याचं कौन्सिल बर्जेसच्या सोबत एकाच सभेत बसायचं. वेगळं सभागृह झालं १६४३ मध्ये. आणि केलेले कायदे लंडनला कंपनीच्या मंजुरीला जायचे. पार्लमेंटचा थाट, अधिकार तालुका पंचायतीचे.

पाऊलवाट
सगळी चर्चा गोऱ्यांचीच. तिथल्या मूळ रहिवाशांच्या इरोक्वॉय संघाकडून अमेरिकेने संघराज्य उचललं, हे अमेरिकन काँग्रेसने १९८८ मध्ये ठरावानेच मान्य केलंय.

जुनं_खोड
तो ठराव राज्यघटनेबद्दल आहे, १७८७ च्या. धागा १६१९ चा आहे. आधी वाचा, मग गहिवरा.

दर्यावर्दी
दोघेही मुळं खणताय, माती कुणी बघतच नाही. १६०६ च्या व्हर्जिनिया सनदेत जमीन दिली ती इंग्लंडातल्या केंटमधल्या ईस्ट ग्रीनिच मॅनरच्या (जहागिरीच्या) रीतीने, लष्करी चाकरीचं ओझं नसलेल्या मुक्त धारणेवर. तिथे जन्मलेल्यांना इंग्लंडात जन्मल्यासारखे हक्क. आता १६६८ ची मुंबईची सनद काढा. राजाने बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिलं दरसाल १० पौंडांवर, तेही सोन्यात. रीत तीच, ईस्ट ग्रीनिच! इथे जन्मलेलेही राजाचे प्रजाजन. कंपनी दोन्हीकडे, सनदेचा साचा तोच. मग मुंबईत असेंब्ली का नाही उगवली?

जुनं_खोड
धागा मुंबईला आणल्याशिवाय जेवण जात नाही का तुम्हाला?

टाचणी
नाही, थांबा, मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. कंपनीला व्हर्जिनियात माणसं हवी होती, मुंबईत बंदर हवं होतं. मुंबईत जकात आणि शिबंदी होती, लोकांची संमती विकत घ्यायची गरजच नव्हती.

दर्यावर्दी
तुमच्या बाजूचा कसला? गरज नव्हती म्हणता, मग १६७२ मध्ये कंपनीचा मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याने जमीनदारांच्या प्रतिनिधींना बोलावून करार का केला? पोर्तुगीज काळातल्या जमिनींच्या हक्कांवर वाद चिघळला होता. दरसाल २०,००० झेराफिन (पोर्तुगीज नाणी) कंपनीला, बदल्यात जमिनी कायम. वाटाघाटीने ठरलेला कर आहे हा.

जुनं_खोड
कर नाही, तडजोड. एकदा ठरली आणि संपली. सभा दरवर्षी भरत नव्हती, पुढच्या वर्षी आकडा बदलायचा अधिकार कुणाकडे नव्हता. १६२४ च्या मार्चमध्ये व्हर्जिनियाच्या असेंब्लीने कायदाच केला, की असेंब्लीच्या अधिकाराशिवाय गव्हर्नरने कर बसवायचा नाही. हा फरक. मुंबईत करदात्यांनी निम्मे नगरसेवक निवडायची सोय झाली १८७२ च्या कायद्याने, ६४ पैकी ३२. दोनशे वर्षांनी!

दर्यावर्दी
म्हणजे मातीच कारण ठरली ना? आवाज का चढवताय? मताचा हक्कच घ्या. १४३० चा इंग्लिश कायदा, वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची मालकीहक्काची (फ्रीहोल्ड) जमीन असेल तरच कौंटीत (जिल्ह्यात) मत. गरिबाला बाहेर ठेवायला केलेला नियम. तोच विचार अमेरिकेत गेला, पण तिथे जमीन स्वस्त, म्हणून मतदार भरपूर. कायदा इंग्लिश, परिणाम उलटा.

टाचणी
हे मान्य. नाइलाजाने. पण कंपनीचा मुद्दा यामुळे पडत नाही. मॅसॅच्युसेट्समधलं वॉटरटाउन गाव, १६३२. न्यूटाउनच्या तटबंदीसाठी ६० पौंडांची पट्टी, आणि गावकरी म्हणाले आम्हाला न विचारता देणार नाही. १६३४ मध्ये गावांनी सनद बघायलाच मागितली. तीत निघालं की कायदे करायचा अधिकार सगळ्या सभासदांच्या जनरल कोर्टाचा (म्हणजे सर्वसाधारण सभेचा), मूठभर मॅजिस्ट्रेटांचा (कारभाऱ्यांचा) नव्हे. सगळे जमणं अवघड, म्हणून गावोगावचे डेप्युटी. प्रतिनिधित्व कंपनीच्या कागदातून निघालं, मॅग्ना कार्टातून नव्हे.

जुनं_खोड
आणि 'न विचारता पट्टी नाही' ही ओरड कंपनीच्या कागदात होती वाटतं? ती त्यांनी लहानपणापासून ऐकलेली. व्हर्जिनियाची कंपनी तर १६२४ मध्ये बुडाली, सनद रद्द. १६३९ पर्यंत राजाची रीतसर मान्यता नाही. तरी लोक जमत राहिले. कंपनी मेल्यावर भागधारकांची सभा कशी चालते, ते समजवा.

टाचणी
तंबाखूचे भाव पडले की गव्हर्नरलाही लोकांशी बोलणं भाग होतं. राजालाही तंबाखूचा करार हवा होता, १६२७ मध्ये त्यासाठीच त्याने असेंब्ली भरवू दिली.

दर्यावर्दी
बघा, परत मातीवरच आलात.

पाऊलवाट
आणि ती माती कुणाची होती हे कुणीच विचारलं नाही अजून.